सहा स्क्रूंचं ग्रिल

मावशी हेल्मेट घालून जिन्यात दिसली की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅस बारीक करायच्या आणि खिडकीखालची भांडी उचलायला लागायच्या. नऊवारीचा काष्टा, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर मुलाचं जुनं काळं हेल्मेट, काच खाली ओढलेली आणि हातात ड्रिल मशीन. दार वाजवायची पद्धतच नव्हती. घर तिचं, दार तिचं, मग वाजवायचं कुणासाठी? "सरका गं, भोक पाडायचंय," एवढं म्हणून ती थेट खिडकीशी जायची. कशाला भोक, कुणी मागितलंय, असली चौकशी करायची सोय नव्हती.

लोकांना हे सांगितलं की लोक हसतात. हसा. सुरुवातीला मीपण हसते. पण सांगता सांगता माझा आवाज चढतो आणि समोरचा माणूस गप्प होतो, कारण मला त्या बाईचा अजून राग येतो. आणि तिच्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

ती आमची घरमालकीण. वराळ्यात तिची भातखाचरं होती, त्यातली बरीचशी गेली, आणि उरलेल्या तुकड्यावर तिनं तीन मजली बिल्डिंग उभी केली. खिडक्या सगळ्या प्लास्टिकच्या, पांढऱ्या, सरकत्या. "लोकांड गंजतं, लाकूड कुजतं, प्लास्टिक माज्या मागं ऱ्हाईल," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. खिडक्या जमिनीपासून जेमतेम दीड हातावर घेतल्या होत्या. बसल्या बसल्या बाहेरचं दिसलं पाहिजे, ही तिची हौस. दुसऱ्या मजल्यावर लहान लेकरू असलं तर त्या हौसेचं काय होतं, ते तिच्या डोक्यातही आलं नसेल.

आम्ही मूळचे कामशेतचे. अब्बांचं तिथं भांड्यांचं दुकान आहे. नवऱ्याला देहूरोडच्या डेपोत कंत्राटावर काम लागलं आणि मला शिवणकाम कुठूनही करता येतं, म्हणून तळेगाव-वराळ्याकडे खोली बघायला लागलो. फोनवर सगळं ठरायचं. भेटायला गेलो, नाव सांगितलं, की खोली "आत्ताच गेली, ताई." एके ठिकाणी तर माणूस कुलूप उघडत होता, नाव ऐकून त्यानं ते परत लावलं. सना तेव्हा दीड वर्षाची होती, माझ्या कडेवर. तिनं त्या कुलपाकडे बघून टाळ्या वाजवल्या होत्या.

मावशीनं नाव ऐकलं, वर-खाली बघितलं आणि विचारलं, "मटण कदी करता?"

नवऱ्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, आता हेही गेलंच, मग खोटं कशाला बोला. "रविवारी," मी म्हणाले.

"मंग रईवारी मला वाटीभर रस्सा द्यायचा. तुकडं नगं, दात न्हाईत. या ऱ्हायला."

झालं. एवढ्यावर खोली मिळाली. त्या दिवशी तिच्या पाया पडायचंच तेवढं बाकी होतं. नंतर आठ महिने मला जे काही गिळावं लागलं, ते त्या एका वाक्यामुळे. नवरा उठता-बसता तेच म्हणायचा, "तिला काही बोलू नकोस. एवढी एकच बाई आहे, जिनं नाव ऐकून दार उघडलं." आणि मी गप्प बसायचे. मी! कामशेतच्या बाजारात माझ्या अम्मीला लोक म्हणायचे, तुमच्या पोरीची जीभ म्हणजे कात्री आहे. ती कात्री मी वराळ्यात पेटीत घालून ठेवली होती.

मावशीचं मुख्य वेड हे की, भिंतीला हात लावायचा नाही, जे काही लावायचं ते खिडकीच्या प्लास्टिकला. कारण साधं होतं. भिंती पक्क्या सिमेंटच्या. तिची मशीन घरगुती, तिनं एकदा भिंतीत भोक पाडायला घेतलं तर बिट लालभडक होऊन मोडलं, अन् वर गिलाव्याचा पोपडा पडला. प्लास्टिक मात्र घुर्रर्र केलं की गेलं आरपार. त्या दिवसापासून भिंत तिची दुश्मन. "भिताड लय माजलंय," ती म्हणायची, "प्लास्टिक कसं, सांगितलं की ऐकतं."

मग काय, पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीला, टॉवेलचा हूक चौकटीला, आरसा, साबणाची डबी, दुधाच्या पिशवीची खुंटी, नजर लागू नये म्हणून काळी बाहुली, सगळं त्या बिचाऱ्या चौकटीला. आमच्या खिडकीला आम्ही राहायला जायच्या आधीच अकरा भोकं होती. मावशी आधी बोटाच्या पेरानं चौकटीवर टकटक करायची, हेल्मेटची काच वर करून कान लावायची, आणि डॉक्टरसारखं तोंड करून म्हणायची, "हितं बोलतंय." काय बोलतंय कुणास ठाऊक. स्क्रू ढिला झाला की भोकात काडेपेटीच्या जळक्या काड्या ठोसायची आणि स्क्रू परत पिळायची. त्यासाठी सगळ्या भाडेकरूंनी जळक्या काड्या डब्यात साठवून ठेवायच्या, हा नियम. आमच्याकडे लायटर होता तर म्हणाली, "लायटरनं घर उभं ऱ्हातं व्हय?"

भाडेकरूनं स्वतः भोक पाडायचं नाही. पहिल्या मजल्यावर कंपनीतला एक इंजिनिअर राहायचा. त्यानं बिचाऱ्यानं रविवारी स्वतःच्या हातानं पडद्याचा दांडा बसवला. नीट, पाणसळ लावून. मावशी गेली, दांडा काढला, आणि दोन बोटं सरकवून परत तोच दांडा स्वतः बसवला. वाकडा. "भोक ज्यानं पाडलं त्याचं घर असतंय," असं त्याला ऐकवून आली. तो महिनाभर तिरक्या पडद्याखाली झोपला. त्याच्या पडद्याला मी पोट धरून हसले होते, तेही आठवतं मला.

माझं हसू सना पळायला लागली तेव्हा संपलं. पळायला कसली, ती चढायलाच लागली. उशीवर, डब्यावर, माझ्या पाठीवर. आणि एक दिवस मी शिवणाच्या मशीनवर बसले होते, धागा ओवत होते, मान वर केली तर सना खिडकीच्या कट्ट्यावर उभी. खिडकी उघडी. दोन्ही हात चौकटीला, आणि खाली रस्त्यावरच्या कुत्र्याला "भू भू" करत होती. ओरडले असते तर दचकून गेली असती. मी श्वास रोखून चार पावलं चालले आणि तिला कमरेला धरलं. नंतर बराच वेळ मला सुईत दोरा घालता आला नाही.

त्याच संध्याकाळी मावशीकडे गेले. "मावशी, खिडकीला ग्रिल पाहिजे. पोरगी चढते."

मावशी एवढी खूश झाली की विचारू नका. मागच्या शेडमध्ये जुन्या घराचं एक लोखंडी ग्रिल पडलं होतं, ते कुणाकडून तरी कापून आणलं, पांढरा रंग मारला, आणि दुसऱ्या दिवशी हेल्मेट घालून हजर. मला वाटलं, हे तरी भिंतीत बसवेल. तिनं ते चौकटीला लावलं. सहा स्क्रू. करंगळीच्या दोन पेरांएवढे. वर तीन, खाली तीन. त्यातल्या दोन भोकांत आधीच्या हुकांमुळे जागा झाली होती, म्हणून काड्या ठोसल्या. माझ्याच घरातल्या काड्या, मीच डब्यात साठवलेल्या.

"मावशी," मी म्हणाले, "एवढं वजन आहे, भिंतीत नाही का बसवता येणार?"

"भित लय कडक हाय."

"कुणाला तरी बोलावू या का? मोठी मशीन असते…"

हेल्मेटची काच वर गेली. "का? माज्या हाताला काय झालंय? मुंबैच्या बंगलेवाल्यांनी लोनावळ्यात माणसं लावून बशिवलं तरी असं बसायचं न्हाई. म्हैस बांद याला."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं जमिनीकडे बघितलं. मी म्हणाले, "छान झालं, मावशी." हे शब्द माझ्या तोंडून गेले. ते आठवले की आजही मला माझंच थोबाड रंगवावंसं वाटतं.

पावसाळा लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार-चार दिवस उघडीप नाही. खिडकीच्या आतून पाणी यायला लागलं. स्क्रूच्या भोकांमधून तपकिरी ओघळ पांढऱ्या प्लास्टिकवर उतरले. मावशीला दाखवले. तिनं बोट लावून वास घेतला आणि म्हणाली, "कुणीतरी पान खाऊन थुकलंय."

"आमच्यात कुणी पान खात नाही, मावशी. हा गंज आहे."

"प्लास्टिक गंजत न्हाई." विषय संपला.

त्याच सुमारास पहिल्या मजल्यावर फुटलेली काच बदलायला खिडक्यांच्या कंपनीचा एक कारागीर आला होता. मी त्याला चहा देते म्हणून वर बोलावलं, खरं म्हणजे ग्रिल दाखवायला. त्यानं चहा हातात तसाच धरला आणि खिडकीकडे बघत राहिला.

"ताई, हे ग्रिल कशात बसलंय माहितीये? हवेत. हे प्लास्टिक आतून पोकळ असतं. मध्ये एक लोखंडी पट्टी असते, त्यातलेही दोनच स्क्रू पट्टीला लागलेत, आणि तिथं आता पाणी जातंय. आणि खालच्या खाचा कुणी बुजवल्या?"

खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला लांबट खाचा असतात. आत आलेलं पाणी त्यातून बाहेर जावं म्हणून कंपनीच त्या ठेवते. हे मला तेव्हा कळलं. मावशीनं सगळ्या बिल्डिंगच्या खाचा एम-सील लावून बंद केल्या होत्या. तिला वाटलं होतं, कंपनीनं आपल्याला भोकं पडलेला माल दिला. जिनं चौकटींची चाळण केली होती, तिनं बुजवली तर नेमकी कामाची भोकं बुजवली!

"भिंतीत बोल्ट मारून घ्या," तो कारागीर म्हणाला. "लगेच घ्या. लेकरू आहे घरात."

हे जिन्यात उभ्या असलेल्या मावशीनं ऐकलं. त्याला तिनं असं फैलावर घेतलं की बिचारा पाना विसरून गेला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बाहेरची मानसं घरात घ्यायची न्हाईत." बाहेरची माणसं! तिनं आम्हाला उद्देशून म्हटलं नव्हतं, हे मला कळत होतं. पण त्या रात्री नवरा पुन्हा म्हणाला, "बघ, चिडली ती. आता काही बोलू नकोस."

मग मी काय केलं? नायलॉनची दोरी आणली आणि ग्रिल पलंगाच्या पायाला बांधलं. आणि तरी जीव थाऱ्यावर नाही म्हणून, मशीनवर बसायचे तेव्हा ओढणीचं एक टोक सनाच्या कमरेला आणि दुसरं मशीनच्या पायाला. दोन वर्षांचं लेकरू मी बांधून ठेवलं. ती ओढणी ताणायची, रडायची, मग थकून मशीनखाली कापडाच्या चिंध्यांवर झोपायची. ती झोपली की मी ब्लाउज शिवायचे. शेजारीण म्हणाली, "अगं, कशाला बांधतेस?" मी म्हणाले, "फार द्वाड आहे." लेकराला द्वाड म्हणाले, मावशीला काही म्हणाले नाही.

रविवारी रस्सा मात्र पोचवत होते. वाटी भरून.

पाऊस ओसरल्यावर एका दुपारी मावशी आली. हेल्मेट, मशीन, आणि हातात चिमण्यांना दाणे घालायची एक टांगती वाटी. ग्रिलला लावायची होती. तिची नजर दोरीवर गेली.

"ह्ये काय? माज्या ग्रिलला दावं?"

"असू द्या मावशी, सनासाठी…"

"माज्या कामावर इस्वास न्हाई तुजा?" तिनं मशीन खाली ठेवली आणि दोरी सोडायला लागली. गाठ सुटेना तर दातानं… दात कुठले, हिरड्यांनीच ओढली. दोरी सुटली. मग तिला ओढणी दिसली. "आन् पोरीलाबी? आगं, शेरडू हाय का त्ये?" तिनं सनाची गाठ सोडली, तिला उचललं, खिडकी सरकवली, आणि मी "मावशी" म्हणेपर्यंत सनाला कट्ट्यावर बसवलं. पाठ ग्रिलला टेकवून. "बग! बग, काय हुतंय का?"

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. सना माझ्या हातात होती एवढं आठवतं. इतकी जोरात ओढली होती की तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले. मावशीचा चेहरा हेल्मेटमध्ये लाल झाला. "आसं व्हय? माजा आपमान?" असं म्हणत तिनं दोन्ही तळहातांनी ग्रिल हाणलं, म्हशीला ढकलावं तसं.

वरचे तीन स्क्रू आवाजसुद्धा न करता निघाले. ग्रिल बाहेर झुकलं, खालच्या स्क्रूंवर क्षणभर लटकलं आणि गेलं. मावशी त्याच्यामागे कमरेपर्यंत बाहेर. मी एका हातात सना आणि दुसऱ्या हातानं मावशीचा काष्टा धरला आणि मागे पडले. आम्ही तिघी जमिनीवर. खाली सिमेंटवर ग्रिल आदळल्याचा आवाज आला. अंगणात कुणी नव्हतं.

आणि मग माझं तोंड सुटलं.

"तुम्हाला लाज वाटते का?" मी ओरडले. "आत्ता माझी पोरगी खाली पडली असती! बसवलंत त्याच दिवशी मी म्हटलं होतं, भिंतीत बसवा! खोली दिलीत म्हणून काय पोरगी मारायची का माझी? रस्सा पाहिजे, काड्या पाहिजेत, सगळं दिलं मी! लेकरू बांधून ठेवलं मी जनावरासारखं, तुमच्या मर्जीसाठी! घाला चुलीत तुमची ती मशीन!" अजून बरंच बोलले. जिन्यात माणसं जमली, इंजिनिअर आला, शेजारीण आली. मी थांबले नाही. सना रडत होती आणि मीही रडत होते आणि ओरडत होते.

मावशी जमिनीवर बसून होती. हेल्मेट तसंच. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तिनं काच वर केली.

"येवडे दिस आसं बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर ठेवलं असतं का तुम्ही आम्हाला?"

तिनं विचार केला. खरंच केला, डोळे बारीक करून. सगळे जिन्यात ऐकत होते. "होय, ठेवलं असतं" म्हणायला तिचं काय जात होतं? दुसरी कुणीही म्हणाली असती.

"न्हाई," ती म्हणाली. "काडलं असतं."

मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली आणि त्याच वेळी, काय सांगू, आठ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की मी वेडी नव्हते. मी जे भीत होते ते खरं होतं.

"मग आधी ग्रिल भिंतीत बसवा," मी म्हणाले. "नंतर काढा."

"बरं," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

तिनं दोन्ही केलं. दुसऱ्या दिवशी तळेगावातून कुणाची तरी मोठी हॅमरवाली मशीन घेऊन आली. माणूस बरोबर नाही, स्वतःच. वाकलेलं ग्रिल ठोकून सरळ केलं होतं. खिडकीच्या बाजूच्या भिंतीत आठ बोल्ट मारले. सिमेंटच्या धुळीनं हेल्मेट पांढरं झालं. नंतर खालच्या पट्टीतलं एम-सील खिळ्यानं उकरून काढलं, एक एक खाच. काम झाल्यावर दारात उभी राहून म्हणाली, "चार लोकांत बोललीस. आता तुला ठिवली तर उद्या समदी बोलतील. म्हैनाअखेर खाली कर."

नवरा म्हणाला, "मी सांगत होतो." त्याला त्या दिवशी जे ऐकवलं, ते इथं लिहीत नाही.

पुन्हा दारं, पुन्हा नाव सांगणं, पुन्हा "आत्ताच गेली." शेवटी देहूरोडच्या बाजूला एक खोली मिळाली, खालच्या मजल्यावर, अंधारी. महिनाअखेरीला टेम्पो आला. सामान गेलं, सना नवऱ्याच्या खांद्यावर गेली, आणि मी काही राहिलं का बघायला पुन्हा वर आले. खोली रिकामी होती. मी खिडकीशी गेले, ग्रिल दोन्ही हातांनी धरलं, पाय उचलले आणि सगळ्या अंगाचा भार टाकून लटकले. कणभर हललं नाही. तो सगळा प्रकार करायला तिला जेमतेम एक तास लागला होता. एक तास! तिथंच खाली बसून मी ढसाढसा रडले.

दारात मावशी उभी होती. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. केस अगदीच विरळ होते, मी पहिल्यांदाच बघत होते.

"घट बसलंय न्हवं?"

"बसलंय."

"मंग रडती कशाला?"

"रडत नाही, मावशी. राग आलाय. तुमचा आलाय, माझा आलाय."

ती आत आली नाही. उंबऱ्यापाशीच थांबून मला उठताना बघत राहिली. मी तिच्या बाजूनं जिन्याकडे निघाले तेव्हा मागून म्हणाली, "येऊ दे राग. फुडच्या घरात पयल्या दिशीच येऊ दे. पोरगी बांदून ठिवू नगंस."